एका घरात तीन क़ाफ: अम्मानच्या अरबीत कोण कसं बोलतं, आणि का

प्रश्न असा आला आहे. नाशिकचे एक गृहस्थ तीन वर्षांपासून जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये राहतात आणि कपड्यांच्या कारखान्यात माल तपासणीचं काम करतात. जाण्यापूर्वी ते वर्गात जाऊन पुस्तकी अरबी शिकले. म्हणून हृदयाला ते 'क़ल्ब' म्हणतात आणि कारखान्यातली माणसं हसतात. त्यांच्या पत्नी शेजारच्या काकूंकडून अरबी शिकल्या. त्या 'अल्ब' म्हणतात. मुलगा बालवाडीत असताना आईसारखाच 'अल्ब' म्हणायचा, पण पहिलीत गेला आणि दोन महिन्यांत 'गल्ब' म्हणू लागला. ते विचारतात, "आमच्यात बरोबर कोण? आणि मुलाला वेळीच सुधारायला हवं का?"

तुमच्या घरातल्या तिघांपैकी अम्मान सगळ्यात नीट ओळखलंय ते तुमच्या मुलाने. त्याला सुधारू नका. असं का म्हणते ते सांगायला मला बरंच मागे जावं लागेल, कारण हा प्रश्न एका अक्षराचा असला तरी त्या अक्षरात त्या शहराची शंभर वर्षं साठली आहेत. मी अम्मानमध्ये अकरा वर्षं दुभाषी म्हणून काम केलं, आता पुण्यात अरबी शिकवते. जॉर्डनला गेलेले माझे विद्यार्थी पहिल्या महिन्यातच हा प्रश्न घेऊन येतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपली शिकवणी कुठेतरी कमी पडली.

आधी ते अक्षर. अरबी लिपीतला क़ाफ. आपल्याला तो परका नाही. फारसीच्या वाटेने तो मराठीत शेकडो शब्दांतून आला आणि साधा 'क' होऊन बसला: कलम, हक्क, कर्ज, रक्कम, कबूल, तालुका, किल्ला, मुक्काम. पुस्तकी अरबीत हा 'क' पार मागे, पडजिभेपाशी निघतो. पण अम्मानच्या रस्त्यावर तो क्वचितच ऐकू येतो. तिथे त्याच्या जागी कुणी 'ग' म्हणतं, कुणी घसा क्षणभर बंद करून नुसता स्वर सोडतं. आपण नकार देताना 'अं-अं' म्हणतो, तेव्हा त्या दोन 'अं'च्या मध्ये घशात जो अटकाव होतो, तोच हा उच्चार. आणखी काही जण चक्क आपल्यासारखा 'क' म्हणतात. 'तो म्हणाला' हे एवढंच वाक्य गाल, आल, काल असं तीन तऱ्हांनी कानावर येतं, आणि बातम्यांत किंवा मशिदीतल्या प्रवचनात क़ाल. आपली 'रक्कम' जिच्यापासून आली तो शब्द तिथे 'नंबर' या अर्थाने वापरतात. फोन नंबर विचारताना एक जण रगम म्हणेल, दुसरी रअम.

'ग' हा जॉर्डन नदीच्या पूर्वेकडचा आवाज आहे. सल्त, करक, अजलून ही गावं, उत्तरेकडचा इरबिदचा टापू आणि बेदुइन म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्या, सगळीकडे 'ग'. घशातला अटकाव हा जुन्या शहरांचा आवाज: नाब्लुस, जेरुसलेम, याफा, हैफा. दमास्कस, बैरूत आणि कैरो इथेही तोच. 'क' पॅलेस्टाइनच्या खेड्यांतला. आता कुणी म्हणेल, क़ाफचा 'क' केला तर 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा एकच होतील की. होत नाहीत, कारण त्या खेड्यांत मूळच्या 'क'चा 'च' होतो. हृदय 'कल्ब', कुत्रा 'चल्ब'. त्यांच्या घरात सगळं जागच्या जागी असतं. घोटाळा होतो तो शहरातल्या माणसाच्या कानाशी आल्यावर. शेतकऱ्याची म्हणून या बोलीला फल्लाही म्हणतात, आणि अम्मानमध्ये चेष्टा सर्वांत जास्त हिचीच होते. शहरात आलेल्या कुटुंबांत ती एका पिढीत विरते. विरताना काय होतं ते लक्षात ठेवा, पुढे लागेल: अशा घरातले मुलगे सहसा 'ग'कडे जातात आणि मुली घशातल्या उच्चाराकडे. एकच घर, एकच आई, आणि दोन दिशा.

हे सगळे आवाज अम्मानमध्ये एकत्र कसे आले? अम्मानला स्वतःची जुनी अरबी बोली नव्हतीच. रोमन काळात याच जागी असलेलं फिलाडेल्फिया नावाचं शहर ओस पडलं होतं. १८७८ साली उस्मानी राज्यकर्त्यांनी तिथे कॉकेशसमधून परागंदा झालेल्या चेर्केस लोकांना वसवलं, आणि त्यांची मातृभाषा अरबी नव्हती. १९२१ साली अमीर अब्दुल्ला (जॉर्डनचे पहिले राजे) आले आणि पुढे हेच गाव राजधानी झालं, तेव्हा वस्ती काही हजारांची होती. मग सल्तहून कारकून आणि अधिकारी आले, नाब्लुस आणि दमास्कसहून व्यापारी आले. १९४८ साली पॅलेस्टाइनमधून निर्वासितांचा लोंढा आला, १९६७ च्या युद्धानंतर दुसरा. १९९०-९१ मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर तिथून सुमारे ३ लाख लोक परतले. २००३ नंतर इराकी, २०११ नंतर सीरियन. आज अम्मान सुमारे ४० लाखांचं आहे, आणि तिथे आजोबांचं गाव विचारलं तर 'अम्मान' असं उत्तर फार थोडे देतील.

म्हणजे जुन्या शहरांत बोली वारशाने मिळते, तशी इथे मिळाली नाही. इथे ती घडली, आणि घडताना पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत. एसेक्स विद्यापीठाच्या इनाम अल-वेर यांनी हे काम सर्वांत बारकाईने केलं आहे. त्या स्वतः जॉर्डनच्या. त्यांनी सल्त आणि नाब्लुसहून आलेल्या कुटुंबांच्या तीन पिढ्या पाहिल्या. आजी-आजोबा आपापल्या गावचंच बोलत राहिले. मुलांच्या पिढीत सगळी सरमिसळ झाली, एकाच माणसाच्या एका वाक्यात दोन गावं. नातवंडांच्या पिढीत मात्र काहीतरी बसलं, आणि ते ना सल्तचं, ना नाब्लुसचं. उदाहरणार्थ, सल्तच्या जुन्या बोलीत आपल्या 'ते गेले, त्या गेल्या' सारखा अनेकवचनातही पुरुष आणि स्त्रिया असा भेद होता. अम्मानच्या नव्या बोलीत तो गळाला. मराठी माणसाला या गळतीचं वाईट वाटतं. मलाही वाटलं होतं.

आता मुद्द्याचं. मराठी माणूस हे ऐकतो तेव्हा त्याच्या डोक्यात लगेच 'पाणी' आणि 'पानी' उभे राहतात. एक पुस्तकातलं, शाळेतलं, म्हणून 'शुद्ध'. दुसरं शेतातलं, म्हणून 'अशुद्ध'. या वाटणीने आपल्याकडे कितीतरी हुशार मुलांना वर्गात गप्प बसवलं आहे आणि मला तिचा मनापासून राग आहे. पण रागापेक्षा महत्त्वाचं हे, की ही चौकट अम्मानला लागूच पडत नाही. 'पाणी' म्हणणाऱ्याच्या पाठीशी पुस्तक उभं असतं. अम्मानमध्ये 'गल्ब' आणि 'अल्ब' यांच्यात भांडण आहे आणि दोघांच्याही पाठीशी पुस्तक नाही. पुस्तकातला 'क़ल्ब' या सामन्यात खेळतच नाही. तुम्ही नेमका तोच घेऊन मैदानात उतरलात, म्हणून लोक हसले. किराणा दुकानात कुणी तुकारामांच्या गाथेच्या मराठीत साखर मागितली तर आपल्याला जसं वाटेल, तसं काहीसं त्यांना वाटतं. त्यात तुच्छता नसते, आदरच असतो.

अरबीचे अभ्यासकही पूर्वी या चौकटीत अडकले होते. १९५९ साली चार्ल्स फर्ग्युसन यांनी अरबी समाजात एक वरची भाषा आणि एक खालची, अशी मांडणी केली, ती प्रसिद्धच आहे. त्यावरून बऱ्याच जणांनी गृहीत धरलं की प्रतिष्ठा फक्त वरच्या भाषेला. मग आकडे जमू लागले आणि विचित्र चित्र दिसलं: पुरुष पुस्तकी क़ जास्त वापरतात, बायका कमी. जगभर तर उलट दिसतं. मग काय, अरब बायका प्रतिष्ठेची पर्वा करत नाहीत? १९८६ साली मुहम्मद हसन इब्राहिम यांनी ही गाठ सोडवली. त्यांचं म्हणणं साधं होतं: प्रमाण भाषा आणि प्रतिष्ठेची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलीभाषांची आपसात स्वतःची उतरंड असते, आणि बायका त्या उतरंडीतल्या वरच्या बोलीकडे जातात.

याचा सर्वांत पक्का पुरावा क़ाफमध्ये नाही, लसणात आहे. पुस्तकी अरबीत लसणाला 'थूम' म्हणतात, पण तो 'थ' आपला नव्हे. जीभ दातांच्या मध्ये घालून काढायचा आवाज. सल्त आणि करककडच्या जुन्या बोलीत तो जसाच्या तसा शाबूत आहे. शहरी पॅलेस्टिनी बोलीत त्याचा 'त' होतो, 'तोम'. म्हणजे इथे खेड्यातला उच्चार पुस्तकाशी तंतोतंत जुळतो. प्रमाण भाषाच ओढून घेणारी असती तर सल्तच्या मुलींनी तो जिवापाड जपला असता. अल-वेर यांनी सल्त, अजलून आणि करकमधल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, १९९१ च्या प्रबंधात ते काम आहे. दिसलं असं की तरुण मुली हाच आवाज सोडून 'त'कडे चालल्या आहेत. शाळेत वाचतात 'थूम', भाजी निवडताना म्हणतात 'तोम'. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या शिकवण्याची पद्धत बदलली.

त्याच कामातलं आणखी एक निरीक्षण मला त्याहून मोलाचं वाटतं. शिकलेल्या मुली जास्त बदलतात हे खरं, पण शिक्षणाने त्यांचा उच्चार बदलला असं म्हणणं चूक आहे. शाळेत तर कुणी 'तोम' शिकवत नाही. शिक्षण म्हणजे गावाबाहेर पडणं, शहरातल्या बाईंच्या वर्गात बसणं, नाब्लुसच्या मुलीशी मैत्री होणं, पुढे नोकरी. जीभ बदलते ती या माणसांमुळे. 'शिक्षण', 'वय', 'लिंग' हे तक्त्यातले रकाने असतात. माणूस रकान्यामुळे बोलत नाही. तो कुणाबरोबर उठतो-बसतो त्यामुळे तसा बोलतो. तुम्ही कारखान्यात कोण कसं बोलतं ते टिपत असाल तर वय विचारू नका. कुणाबरोबर जेवतो ते बघा.

मग पुरुष 'ग'कडे का गेले? याचं उत्तर १९७० मध्ये आहे. त्या सप्टेंबरात जॉर्डनचं सैन्य आणि पॅलेस्टिनी सशस्त्र संघटना यांच्यात अम्मानच्या रस्त्यांवर लढाई झाली आणि जुलै १९७१ पर्यंत त्या संघटनांना देशाबाहेर काढलं गेलं. त्यानंतर सैन्य, पोलीस आणि सरकारी खाती यांत जॉर्डन नदीच्या पूर्व तीरावरच्या घराण्यांची मुलं भरली गेली. पॅलेस्टिनी मूळ असलेल्यांनी व्यापार, बँका, दवाखाने, खासगी शाळा अशा वाटा धरल्या. 'ग' हा आता नुसता सल्तचा आवाज राहिला नाही. तो गणवेशाचा आवाज झाला, सरकारी कचेरीतल्या खिडकीमागचा आवाज झाला. नाकाबंदीवर गाडी थांबवणारा शिपाई 'ग' म्हणतो. याफाच्या घरातला तरुण, ज्याच्या आजोबांनी जन्मात 'ग' म्हटला नाही, तोही काच खाली करून त्याला 'ग'नेच उत्तर देतो. हा धाक आहे, पण नुसता धाकही नाही. पोरांच्या टोळीत, फुटबॉलच्या मैदानावर, व्यायामशाळेत 'ग' म्हणजे मर्दपणा ठरला, आणि घशातला उच्चार 'बायकी'. माझ्या ओळखीच्या कितीतरी पुरुषांचं एक घरचं बोलणं आहे आणि एक बाहेरचं. आईचा फोन आला की खोलीत बसलेल्या माणसाचा आवाज बदललेला मी शेकडो वेळा ऐकला आहे. शब्द तेच, क़ाफ वेगळा. काही जण लाजतात, काहींच्या लक्षातही येत नाही.

बायकांच्या बाबतीत हे दडपण उलट्या अंगाने येतं. सैन्य आणि टोळीचं राजकारण हे त्यांचं क्षेत्र नव्हतं, त्यामुळे 'ग'मधून त्यांना काही मिळत नव्हतं. शहरी पॅलेस्टिनी घरातल्या मुली आधी शिकल्या, शिक्षिका आणि परिचारिका झाल्या, बँकेत बसल्या, आणि सल्त-करकहून आलेल्या मुलींना शहरातली बाई कशी असते याचा नमुना त्यांच्यातच दिसला. त्यात बैरूत-दमास्कसच्या मालिका, लेबनॉनच्या गायिका, कैरोचे चित्रपट, सगळ्यांचा क़ाफ घशातला. म्हणून पूर्व तीरावरच्या अस्सल घराण्यात वडील आणि भाऊ 'ग' म्हणतात आणि मुलगी 'अ' म्हणते, आणि घरात कुणाला खटकत नाही. हेच मुलगा बोलला असता तर जेवणाच्या ताटावरच टोमणा आला असता. 'बायकांना नाजूक बोलणं आवडतं' हे स्पष्टीकरण तुम्हाला अम्मानमध्येही ऐकायला मिळेल, बायकांच्या तोंडूनसुद्धा. ते मानू नका. हा आवाज निसर्गतः नाजूक असता तर कैरोत हमाल आणि बसचालक तोच काढतात, त्यांचं काय?

माझे विद्यार्थी धर्माचंही विचारतात, म्हणून सांगते. जॉर्डनमध्ये ख्रिश्चन आणि मुसलमान यांच्या बोलीत गावाप्रमाणे फरक पडतो, धर्माप्रमाणे नाही. करकचा ख्रिश्चन करकचंच बोलतो. हे सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही. बगदादमध्ये एकेकाळी धर्मावरून बोली ओळखू यायची. १९६४ साली हाइम ब्लांक यांनी ती नोंद केली: 'मी म्हणालो' याला तिथले मुसलमान 'गिलित' म्हणत, ज्यू आणि ख्रिश्चन 'क़ेल्तू'. हा दुसरा आवाज आपल्याकडेही येऊन गेला आहे. १८३२ साली मुंबईत आलेले डेव्हिड ससून बगदादी ज्यू होते. काळा घोड्याचं वाचनालय आणि पुण्याचं लाल देऊळ त्यांच्या नावाशी जोडलेलं आहे. त्या समाजाच्या घरांत बोलली जाणारी अरबी ही 'क़ेल्तू'च्या कुळातली. आज बगदादमध्येही ती बोलणारे जवळजवळ उरलेले नाहीत.

आता तुमचं. कारखान्यात पुस्तकी क़ सोडा. अपवाद ठेवा: क़ुरआन, अल-क़ाहिरा (म्हणजे कैरो), क़ानून, सक़ाफ़ा (संस्कृती) असे काही शब्द सगळेच क़नेच म्हणतात, तिथे हौसेने 'ग' घातलात तर पुन्हा हसतील. बाकी ठिकाणी 'ग' की 'अ'? परक्या पुरुषाने घशातला उच्चार केला तर अम्मानमध्ये कुणी वावगं मानत नाही; तुम्ही कुठल्या टोळीचे नाही हे त्यांना माहीत असतं. पण तुमचा दिवस माल चढवणाऱ्यांत आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्यांत जातो, म्हणून मी तुम्हाला 'ग' सुचवेन. फक्त एक सांभाळा. एकाच व्यक्तीशी बोलताना मध्येच उडी मारू नका. समोरचा 'अ' म्हणतोय म्हणून त्याच क्षणी तुम्हीही 'अ' केलंत, तर तो त्याला नक्कल समजू शकतो. तिथे या आवाजाआड कुणाचे आजोबा कुठून आले हा प्रश्न उभा असतो, आणि तो प्रश्न अजून ओला आहे. 'क' म्हणणाऱ्या एखाद्या वृद्ध पॅलेस्टिनी कामगाराची कुणी चेष्टा करत असेल, तर त्या हसण्यात सामील होऊ नका. त्याच्या तोंडून ऐकू येतं ते कदाचित १९४८ साली ओस पडलेल्या गावचं शेवटचं बोलणं असेल.

तुमच्या पत्नीने जसं बोलतात तसंच बोलावं. त्यांचा कान बरोबर माणसाकडून तयार झाला आहे, आणि दवाखान्यात, शाळेत, बाजारात तो उच्चार त्यांना अडवणार नाही.

आणि मुलगा. बालवाडीत शिक्षिका होत्या, त्यांचं ऐकून तो 'अल्ब' म्हणायचा. पहिलीत त्याला मैदान मिळालं, मोठी मुलं मिळाली, आणि त्याने दोन महिन्यांत ओळखलं की इथे मुलगे काय म्हणतात. हे त्याला कुणीही शिकवलं नाही. घरी तुम्ही त्याला 'अल्ब म्हण' असं दटावलंत, तर मैदानावर तो एकटा पडेल. 'गल्बच बरोबर' म्हणालात, तर आईचं बोलणं चूक ठरेल. काहीच म्हणू नका. त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी त्याला शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर आणायला पाठवा आणि दारातून ऐका. मला वाटतं, तिथे तो 'अ'च म्हणत असेल.